वाळूतल्या वस्तूंची खोली

सुनितानं पदरानं काच पुसली आणि कपाट उघडलं.

"हात लाव गं, खाणार न्हाई ते तुला," ती गंगासागरला म्हणाली.

शाळेपासूनची मैत्रीण; तलवाड्याहून पहिल्यांदाच तिचं संग्रहालय बघायला आली होती. संग्रहालय म्हणजे भाऊ रामेश्वरच्या घराची पुढची खोली. नवरा वारल्यावर सुनिता माहेरी आली, तेव्हापासून रामेश्वर गोदावरीतून वाळूबरोबर निघालेलं काहीबाही तिला आणून देई. मातीचे मणी, फुटकी पणती, नाक नसलेला नंदी. वाळूचे ट्रॅक्टर त्याचेच. गाव त्याला बिचकून असे. सुनिताला मात्र वाटे, पोत्यात गुंडाळून नंदी जपून आणणारा माणूस वाईट कसा असेल?

गंगासागरनं नंदीला हात जोडले. मग ते हात तसेच राहिले.

"ही डबी?"

"राम्यानं दिली परवा. त्याच्या पोरांना वाळूत घावली. शंभर-दोनशे वर्षांची असंल म्हणतो. तुमच्या लिंगायतांतलीच ना, गळ्यातल्या लिंगाची?"

गंगासागरनं चांदीची डबी उचलली, उलटी केली. कडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती.

"ही तार मी बांधली," ती म्हणाली. "औंदाच्या शिवरात्रीला."

सुनिता हसायला गेली, पण हसू आलं नाही. गंगासागरचा नवरा अमरनाथ पाडव्यापासून बेपत्ता होता. वाळूच्या ट्रॅक्टरांविरुद्ध त्यानं तहसिलीत अर्ज दिला होता. तो पुण्याला पळाला, असं रामेश्वरच सगळ्यांना सांगत फिरत होता.

"नदीवर आंघोळीला काढून ठेवलं असंल, ऱ्हायलं असंल."

"आमच्यात जिता माणूस हे गळ्यातून काढीत न्हाई, सुने."

बाहेर मोटारसायकल थांबली.

सुनितानं गंगासागरची मूठ डबीवर मिटवली आणि तिचाच पदर त्यावर ओढला. नंदी सरकवून रिकामी जागा झाकली. काच लावताना ती नको तेवढी वाजली.

"गंगाताई! कवा आलात?" रामेश्वर दारातूनच म्हणाला. "आक्का, चहा दिला का नुसत्या ठिकऱ्याच दावल्या?"

बोलता बोलता त्याची नजर कपाटावर गेली. नंदीवर जरा जास्तच वेळ राहिली.

"निघालेच होते," गंगासागर म्हणाली.

"एसटी तर गेली. चला, मी सोडतो. नदीकडनंच जायचंय मला."

"नको, भाऊ."

"नको कावून? आमी काय परके हाव?"

तो बाहेर जाऊन गाडीवर बसला. गाडी चालू केली. गंगासागरचे पाय उंबऱ्याशीच थांबले होते. सुनितानं पायात चपला अडकवल्या.

"तू कुठं, आक्का?"

"मावशीकडं. तलवाड्याला."

तलवाड्यात त्यांची कोणी मावशी नव्हती. रामेश्वरनं आरशातून बहिणीकडं पाहिलं.

सुनिता आधी चढली. त्याच्या पाठीला चिकटून बसली आणि मागं हात केला.

"बस गं माझ्यामागं," ती म्हणाली. "मला घट्ट धर."