हिरवा आलेख

लातूरच्या एका कोचिंग क्लासचा सर्व्हर मी सांभाळते. दर सोमवारी आमच्या मालकांना, धोंडगे सरांना, स्टोरेजच्या वेगाचा, म्हणजे पोरांची उत्तरं किती झटकन सेव्ह होतात त्याचा, रिपोर्ट द्यावा लागतो.

काल सराव परीक्षेला सहा हजार पोरं एकदम बसली आणि दहा मिनिटं एकाचंही उत्तर सेव्ह होईना. पण माझ्या आधी हे काम करणाऱ्या उद्धवनं वेग पडल्याचा लाल आलेख दाखवला होता, तर सरांनी त्याला उभ्या उभ्या काढून टाकलं. म्हणून मी आठवड्याची सरासरी काढली. ती दहा मिनिटं त्यात बुडाली, आलेख हिरवागार झाला.

सर खूश झाले. "लई झकास! मग रविवारी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला नांदेड, भोकरची पोरं पण यावरच बसवू. बारा हजार. सोसंल ना?"

नाही म्हणणार, तोच आलेखाखालची माझी सही दिसली.

"हाव सर," मी म्हणाले.