पांढरीचं रक्त

आयुष्यभर घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दारी करून नवरा धडधाकट निवृत्त झाला, आणि भरदुपारी स्वतःच्याच परसात त्याला साप चावला. गाडीत बायको त्याला सारखी बोलत होती. गप्प बसली असती तर रडली असती.

दवाखान्यात नर्सने छोटी बाटली दाखवली. "मावशी, हे जैविक औषध. म्हणजे नुसती रसायनं कालवून केलेलं नाही, जिवंत शरीरातून आलेलं. लस, इन्सुलिन, तीही जैविकच. हे घोड्याचं. त्याला थोडं थोडं विष टोचतात, मग त्याच्या रक्तातून काढतात. गुणाचं आहे, पण एखाद्याला सोसत नाही. काकांना घोड्यांचा त्रास होतो का कधी?"

"पोरी, मला घोडा शिकवतेस?" नवरा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आमच्याच तबेल्यात निघायचं ते रक्त. कसला त्रास?" आणि त्याने बायकोकडे डोळे वटारले.

तिला सगळं ठाऊक होतं. घोड्याजवळ गेलं की त्याची छाती शिट्ट्या घालायची. नोकरी जाईल म्हणून त्याने ते जन्मभर सर्दीच्या नावावर खपवलं होतं. आता सांगावं तर औषधच द्यायचे नाहीत. न सांगावं तर?

त्याच्या पापण्या मिटत चालल्या. "पांढरीला आत घे गं," तो पुटपुटला. "कधीची उभी आहे दारात."

पांढरी त्याची लाडकी घोडी. मरून कितीतरी वर्षं झाली होती. तरी बायकोला फरशीवर टापा ऐकू आल्या, सावकाश, ओळखीच्या. ओल्या गवताचा वास खाटेपर्यंत आला.

"होतो त्रास!" ती ओरडलीच. "दम लागतो त्यांना. लपवलंय."

"अगं ए!"

"तुम्ही गप्प बसा हो!"

नर्सने डॉक्टरांना बोलावलं. औषध टळलं नाही. रिॲक्शनवरचं इंजेक्शन भरून ठेवून त्यांनी घोड्याचं औषध थेंबाथेंबाने सोडलं. थोड्याच वेळात छाती शिट्ट्या घालू लागली. थेंब थांबले, इंजेक्शन गेलं, श्वास मोकळा झाला, थेंब पुन्हा सुरू झाले. ती त्याच्या नाकपुड्यांकडे बघत बसली.

संध्याकाळी पापण्या उघडल्या. "सांगितलंसच शेवटी."

"हो. आता कोण कामावरून काढतंय तुम्हाला?"

तो हसला, आणि हसता हसता असा फुरफुरला की तिने हात मागे घेतला. मग तोच हात त्याच्या मानेवर ठेवला, आणि मायेने थोपटत राहिली.