हौसाबाईंचं उत्तर

हेमंतातली सांज कृष्णेवर उतरली. धूसर, धूम्रवर्णी, गुऱ्हाळाच्या गोड धुरानं माखलेली सांज. पाणी निःशब्द, तीर निःशब्द, आणि तीरावरच्या घरात लिहायला बसलेली इंदुमती, तीही निःशब्द.

एरवी तिच्या कथांतली माणसं केवढी बोलायची! एकीनं खडा टाकावा, दुसरीनं शेलक्या शब्दांत तो परतवावा. त्या रसाळ, रोषाळ, रंगभरल्या चकमकी लिहिताना इंदुमतीला तहानभुकेची शुद्ध नसे. लिहिण्यातलं हेच सुख तिला सर्वांत प्यारं होतं.

पण ते सुख उसनं होतं. थोरली जाऊ हौसाबाई म्हणजे जिभेला धार. एका चुलीपाशी दोघींचं उभा जन्म वाजलं. घरात इंदुमती हरायची आणि कागदावर जिंकायची, कारण हौसाबाईंचे सगळे टोले ती आपल्या नायिकांच्या तोंडी घालायची.

श्रावणात हौसाबाई गेल्या. तेव्हापासून कादंबरीतल्या दोन जावा नुसत्या गोड बोलत होत्या. ‘बसा की.’ ‘आधी तुम्ही बसा.’ मृदुल, मिळमिळीत, मृतप्राय शब्द. इंदुमतीला भय वाटे: हा आवाज गेला, म्हणजे जाऊबाई खरोखरच गेल्या. कादंबरी बुडाली तरी बुडो, तो आवाज तेवढा एकदा यावा.

सांज काळवंडली. तिनं धाकट्या जावेच्या तोंडी एक वाक्य घातलं. ते रचलेलं नव्हतं. शेवटच्या भांडणात, आजारी हौसाबाईंच्या उशाशी, ती स्वतःच तसं बोलली होती; आणि हौसाबाईंनी, जन्मात पहिल्यांदा, उत्तर न देता भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

‘तुम्ही मेलासा तरी मला काडीचा फरक पडायचा न्हाई.’

खालची ओळ कोरी होती. इंदुमती थांबली. उत्तर ओढून आणायचं नसतं, त्याची वाट पाहायची असते, एवढं ती इतक्या वर्षांत शिकली होती. दिवा न लावलेल्या खोलीत गारवा दाटला, धूर दाटला, काळोख दाटला. आणि हात हलला.

‘मेले की आता. पडला का गं फरक, इंदे?’

तोच सूर, तोच टोला. इंदुमतीला आधी हसू फुटलं, मग हुंदका. आता बोलायची पाळी धाकटीची होती. बाहेर अंधारी नदी वाहत होती, आत अंधारी शाई वाहत होती. तिनं लिहिलं, ते ओलं होऊन पसरलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पसरलं.

पडला, जाऊबाई. पडला.