साबिराची अकरा पिल्लं

साबिरा चंद्रपुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नवरा गेल्यावर ती थोरल्या भावाकडे, नूर मोहम्मदकडे राहायला आली. तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्याची तीन वर्षांची नूरी तापानं गेली होती, आणि पुढच्याच वर्षी बायकोही. घरात आता ही दोघंच.

१९८५च्या डिसेंबरात शिक्षकांच्या सहलीत साबिरा दार्जिलिंगला गेली आणि येताना डालड्याच्या डब्यात, ओल्या शेवाळात, न्यूटची जोडी घेऊन आली. दिसायला पाण्यातला सरडा, पण जातीनं बेडकाचा भाऊबंद.

"थंड मुलखातलं जनावर हाय. इथी जगते का हे?" नूर मोहम्मद म्हणाला. पण दुसऱ्याच दिवशी काच कापून आणून त्यानं टाकी बनवली.

फेब्रुवारीत मादीनं पाणवेलीच्या पानांवर एकेक अंडं चिकटवलं. पिल्लं निघाली तेव्हा त्यांच्या मानेशी पिसांसारखे कल्ले होते. ती एकमेकांचे पाय कुरतडायची, म्हणून साबिरानं प्रत्येकाला वेगळी बरणी दिली. जगली ती अकरा. नूर मोहम्मद रामाळा तलावावरून डासांच्या अळ्या गाळून आणायचा आणि डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून बरण्यांसमोर बसायचा.

"साबिरा, याले मागचे पाय फुटले वं!" तो स्वयंपाकघराकडे ओरडून सांगायचा.

एप्रिल तापला. बरण्यांभोवती ओली पोती आली. पाणी बदलायचं ते दोन दिवस माठात ठेवून औषधाचा वास गेलेलंच. शेवटच्या आठवड्यात साबिराला पेपर तपासायला नागपूरला जावं लागलं.

तिसऱ्या दिवशी ती परतली. नूर मोहम्मद दुकान बंद ठेवून बरण्यांपुढे बसला होता. अकराही पिल्लं पांढरी पडून तरंगत होती.

"माठ फुटला," तो म्हणाला. "पाणी लई तापलं होतं. मी बरफ आणला, नळाचं पाणी भरलं..."

गावात काविळीची साथ होती. नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास येत होता.

"तुमच्या हातून काहीच वाचत नाई, भाईजान!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. नूर मोहम्मदनं भिंग खिशात घातलं. एकेक बरणी अंगणात रिकामी केली, धुऊन पालथी घातली.

रात्रभर ती रडली. सकाळी त्याच्या पायाशी बसली. "मले माफ करा. मी रागात बोलली."

"खरं तेच बोलली तू," तो म्हणाला. "नूरीच्या कपाळावर बी मीच बरफ ठेवून राह्यलो होतो. दवाखान्यात न्यायले पाह्यजे होतं."

त्यानं हे पूर्वी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

टाकीतली मोठी जोडी तिनं नागपूरच्या एका कॉलेजात देऊन टाकली. नूर मोहम्मद मात्र त्या उन्हाळ्यापासून दुकानातच झोपायला लागला. रोज संध्याकाळी साबिरा डबा घेऊन जायची. "घरी चला नं," म्हणायची. तो घड्याळातून डोकं वर न काढता म्हणायचा, "ठेव तिथी."