मिसाओच्या नावचं पासबुक

मिसाओने नवऱ्याला सोडलं तेव्हा तिच्या वडिलांनी, तोकुजींनी, तिला दारातूनच परत पाठवलं. त्याला नऊ वर्षं झाली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, अशी त्यांची जात. बायको वारल्यावर घरात बोलायला उरला तो रेडिओ, आणि तो काही उत्तर देत नाही.

पण दरवर्षी चौदा नोव्हेंबरला, लेकीच्या वाढदिवशी, म्हातारा बँकेत जाऊन तिच्या खात्यात अकरा लाख येन भरायचा. वर्षाला तेवढ्या देण्यावर कर नाही. खातं मिसाओ लहान असताना आईने नववर्षाच्या खाऊच्या पैशांसाठी उघडलेलं. पासबुक आणि सहीऐवजी चालणारा शिक्का तोकुजींच्या खणात. मिसाओला यातलं काही ठाऊक नव्हतं.

यंदा बँकेतून ते थेट कर सल्लागार नागासेबाईंकडे गेले. मृत्युपत्र करायचं होतं. बाईंनी पासबुक चाळलं.

"काका, मुलीला सांगितलंय ना?"

"कशाला? मी मेल्यावर कळेलच की!"

"मग हे दिलेलं धरत नाहीत. देणाऱ्याने देतो म्हणावं लागतं, घेणाऱ्याने घेते म्हणावं लागतं. पासबुक तुमच्याकडे, शिक्का तुमच्याकडे. कर खात्याच्या लेखी पैसे तुमचेच. तुमच्या मागे तिला या सगळ्यावर कर बसेल."

"नऊ वर्षं भरतोय मी!"

"नऊ वर्षं लपवताय. आज फोन करा. ती हो म्हणाली तर पुढचे कागद मी करते."

घरी येऊन त्यांनी बायकोच्या फोटोपुढे पर्सिमॉनचं एक फळ ठेवलं, पासबुक मांडीवर घेतलं आणि फोन लावला.

"बाबा?" मिसाओचा आवाज एकदम उजळला. "तुमच्या लक्षात होतं?"

काय ते त्यांना क्षणभर कळेना. मग कळलं, फोन वाढदिवसासाठीच केलाय असं ती समजली होती.

"हो. वाढदिवस ना आज."

"नऊ वर्षांनी आठवला! पन्नाशीची झाले मी."

"दरवर्षी आठवतो."

"मग फोन करायला काय हात मोडला होता?"

मांडीवर एकाखाली एक नऊ ओळी होत्या, प्रत्येकीपुढे हीच तारीख. वाचून दाखवायचा अवकाश. पण मग तिला वाटणार, आजचा फोनसुद्धा पैशांसाठीच. आणि खोटं काय होतं त्यात? तोकुजींना स्वतःची लाज वाटली.

"जेवलात?" तिने विचारलं.

"जेवेन. तू?"

"भात होत आलाय." ती थांबली. "आणखी काही होतं का, बाबा?"

"नाही. एवढंच."

"बरं. थंडी आहे, जपा."

तोकुजींनी फोन ठेवला. उद्या नागासेबाई विचारतील, काय म्हणाली मुलगी, घेतलं का? तिने नाही म्हटलं असतं तर सांगायला सोपं होतं. पण त्यांनी 'देतो' असं म्हटलंच नव्हतं. पासबुक आणि शिक्का त्यांनी परत खणात ठेवला.