एकोणचाळीस दाखले

गावंडे सरांचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. दिग्रसच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी, शीला राठोड, त्यांच्या हाताखाली. दुर्बिणीला जोडायचा प्रकाशमापक मी दोन वर्षं खपून बनवला, त्यावर पेपरही मीच लिहिला. खगोल-उपकरणांच्या जर्नलमध्ये तो छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव होतं. त्यांचं.

"माह्यं नाव काहून काढलं सर?"

"तांड्यावरून आली, नोकरी भेटली, तेवढं बस नाही झालं का तुले?"

तो अपमान मी गिळला. पण एक गोष्ट मी त्यांना छापण्याआधीच सांगितली होती. सगळी मापं मी मे महिन्यात घेतली. आमच्याकडं मे महिन्यात कूलरशिवाय बसतं कोण? मीही लावला, आणि यंत्र नेमकं त्याच्यासमोर ठेवलं. प्रकाश नसतानाही यंत्र थोडा आकडा दाखवतंच. गार हवेनं तो आकडा कमी दिसला, म्हणजे यंत्र होतं त्याहून चांगलं वाटलं. एक दिवस लाइन गेली, कूलर थांबला आणि आकडा तिप्पट झाला.

"सर, मापं चुकले. पाठवू नका."

"यंदाचे बढतीचे गुण हातचे जातीन माह्ये. कोण पाह्यते?" म्हणाले, आणि दिला पाठवून.

तीन वर्षांत जगभरातल्या एकोणचाळीस पेपरांनी त्याचा दाखला दिला. सर गावभर मिरवत सुटले. वाचला मात्र एकही नाही. मी सगळे वाचले. सदतीस जणांनी लिहिलं होतं की हे माप पुन्हा कुणालाच मिळालं नाही. दर वेळी थोबाडीत बसल्यासारखं झालं. तरी माझं काम कुणीतरी वाचतंय याची खुशीही झाली, लाज वाटावी अशी.

मग सरांच्या बढतीची मुलाखत आली. नागपूरहून प्रेरणा मॅडम तज्ज्ञ म्हणून आल्या. यंत्र चालवून दाखवायला मला बोलावलं.

"एकोणचाळीस दाखले!" सर छाती फुगवून म्हणाले.

"वाचलेत?" मॅडमनी त्यातल्याच एका पेपरचं पान पुढं सरकवलं.

सरांनी चष्मा लावला, वाचलं, आणि बोट थेट माझ्याकडं केलं. "मापं हिनं घेतले! माह्या काय दोष?"

तीन वर्षांनी त्यांना मी आठवले. मी गप्प राहिले असते तर ते एकटेच बुडाले असते. पेपरवर माझं नाव नव्हतंच.

"खरं आहे?" मॅडमनी मला विचारलं.

"हो. मापं माह्ये, चूकही माह्यी. यंत्र माह्यं, लिहिलं मी. छापायच्या आधी चूक सांगतली, तेही मीच."

मॅडम सरांकडं वळल्या. "मग यात तुमचं काय, गावंडे?"

सर उत्तरासाठी माझ्याकडं पाहू लागले. मी त्यांना काही सुचवलं नाही.