सगळ्यांसाठी की फक्त माझ्यासाठी

देव एका हाताने काढून घेतो तेव्हा दुसऱ्या हाताने काय टाकतो, ते ओंजळ उघडल्याशिवाय कळत नाही. वहिनींच्या ओंजळीत त्या दिवशी बोटाएवढा पेन ड्राइव्ह होता.

वहिनी शिवणकाम करायच्या. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. त्यांच्या यजमानांचा जन्म छापखान्यात अक्षरं जुळवण्यात गेला. लोकांचे शब्द ओळीत नीट बसवून देणारा माणूस. पण झटका आला आणि त्यांचे स्वतःचेच शब्द विस्कटले. उजवा हात गेला, वाचा गेली. चहा हवा का विचारलं तरी मान हलायची आणि नको का विचारलं तरी तश्शीच.

डॉक्टरांना मानेतली नस साफ करायची होती. "पुढचा झटका टळेल कदाचित. पण टेबलावरच काही होण्याची भीतीही आहे. त्यांच्या मनात काय आहे ते कळलं तर बरं. सोमवारची तारीख धरून ठेवतो, त्याआधी सांगा."

वहिनींच्या मनात काय आहे ते वहिनींना ठाऊक होतं. ऑपरेशन करायचं म्हणजे करायचं. त्यांना ते फक्त यजमानांच्या तोंडून हवं होतं.

म्हणून बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी तो पेन ड्राइव्ह दिला. त्यातला प्रोग्राम कॉम्प्युटरवर टाकायचा. पडद्यावर मोठाली चित्रं येतात, चित्राला बोट लावलं की यंत्र तो शब्द बोलतं. फोनवरची चित्रं यजमानांच्या थरथरत्या डाव्या हाताला बारीक पडत होती.

घरातल्या टचस्क्रीनच्या कॉम्प्युटरवर यजमानांनीच दोन खाती केली होती. एकाचं नाव 'मालक', दुसऱ्याचं 'पाहुणी'. वहिनींनी एकदा नको ते दाबून त्यांचं अख्खं काम पुसून टाकलं होतं, त्यानंतरची ही व्यवस्था. "फ्रॉकचे नमुने बघ, हवे तेवढे बघ. नवीन काही टाकायचं तर मला विचारायचं."

"बरं झालं सांगितलंत," वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या. "मी उगाच इतकी वर्षं घरची समजून भांडी घासत होते."

तर वहिनींनी पेन ड्राइव्ह लावला. यंत्राने विचारलं, सगळ्यांसाठी की फक्त माझ्यासाठी? वहिनींनी बेधडक 'सगळ्यांसाठी' दाबलं. आणि यंत्र आडवं आलं. मालकाचा पासवर्ड द्या.

त्यांनी कीबोर्ड यजमानांच्या मांडीवर ठेवला. त्यांना तो आठवत होता, डोळ्यांत दिसत होतं. पण बोट अक्षरांवरून नुसतं फिरत राहिलं, अनोळखी गावात घर शोधणाऱ्यासारखं. चुकलं. पुन्हा चुकलं. मग त्यांनी कीबोर्ड सारला आणि रोजच्यासारखं भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी नणंद आली. ऑफिसातून थेट, खांद्यावर पिशवी तशीच.

"वहिनी, तू 'सगळ्यांसाठी' कशाला दाबलंस?"

"मग काय वन्सं, घरात एकटीसाठी घेऊ?"

"अगं, सगळ्यांसाठी म्हटलं की मालकाला विचारावं लागतं. फक्त माझ्यासाठी म्हण, तुझ्या खात्यात गुपचूप बसेल. आमच्या ऑफिसात साधा फाँट टाकायचा तर साहेबाच्या साहेबाची सही लागते. आम्ही सगळे असंच जगतो."

"ह्यांना न विचारता?"

"दादाला विचारता यावं म्हणूनच टाकतोय ना?"

वहिनींनी 'फक्त माझ्यासाठी'वर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. उभ्या आयुष्यात त्यांनी हे शब्द कुठल्या दुकानातसुद्धा उच्चारले नव्हते. "देवा, तूच खरा मालक," असं पुटपुटून त्यांनी दाबलं. यंत्राने मुकाट्याने वाट दिली.

यजमानांची खुर्ची पुढे ओढली. त्यांनी पेल्याच्या चित्राला बोट लावलं. "पाणी," यंत्र म्हणालं. आवाज परका, कोरडा. पण वहिनी तो तान्ह्याचा पहिला शब्द ऐकावा तशा ऐकत राहिल्या. नणंदेने पाणी दिलं, यजमान प्यायले, आणि तिघंही हसली.

मग वहिनी जवळ सरकल्या. "अहो, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत. करायचं ना?"

बोट चित्रांवरून सावकाश गेलं.

"नको."

"चुकून लागलं असेल," नणंद घाईने म्हणाली. "उलटं विचार, वहिनी."

वहिनींनी उलटं विचारलं. "ऑपरेशन न करता... घरीच राहायचं?"

"हो."

"पुन्हा झटका आला तर?"

 बोट घराच्या चित्रावर टेकलं. "घर." पुढे दोन माणसं शेजारी बसलेल्या चित्रावर. "जवळ बस."

नणंद उठून खिडकीपाशी गेली. तिथूनच पाठमोरी, हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, हे आपण दोघींनीच ऐकलंय. डॉक्टर तुझ्या सहीवरही करतील."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. आज कितीतरी दिवसांनी त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

"नाही वन्सं. बोलायला लावलं मी. आता ऐकायचं नाही म्हणू?"

त्या जवळ बसल्या. यजमानांचा डावा हात मांडीवर घेतला, आणि दुसऱ्या हाताने हॉस्पिटलला फोन लावला.

"सोमवारचं रद्द करा," त्या म्हणाल्या. "ते नको म्हणाले."

पलीकडची नर्स त्यांना ओळखत होती. तिचा आवाज आनंदाने चढला. "म्हणाले? अय्या, बोलायला लागले?"

"हो," वहिनी पदराचं टोक डोळ्यांना लावत म्हणाल्या. "बोलतात आता."